साठ यार्ड अलीकडे

बहुल्याच्या डोंगराकडे तोफांचा सराव सुरू झाला की आमच्या स्वयंपाकघरातल्या फडताळाची काच वाजते. देवळालीत जन्म गेलेल्यांना त्याचं काही वाटत नाही. नवे भाडेकरू मात्र गच्चीवर जाऊन आभाळ बघतात. मी असेन तिथं थांबतो आणि मनात आकडे मोजतो. तोफ सुटल्याचा आवाज, मग गोळा फुटल्याचा. निवृत्तीला चौदा वर्षं झाली तरी मधले सेकंद मोजायची खोड गेलेली नाही. तोफखान्यात चोवीस वर्षं काढली, त्यातली निम्म्याहून जास्त ओपीत, म्हणजे ऑब्झर्व्हेशन पोस्टवर. मी अधिकारी नव्हतो. अधिकाऱ्याच्या शेजारी रेडिओचा हँडसेट धरून बसणारा ऑपरेटर होतो, आणि पुढं नकाशा नि कोनांचं बघणारा टेक्निकल असिस्टंट झालो. आमच्या भाषेत ‘ओपी अ‍ॅक’.

परवा नातीनं विचारलं, “आजोबा, तोफ चालवणाऱ्याला डोंगरापलीकडचं दिसतं कसं?”

“दिसत नाही.”

“मग नेम कोण धरतं?”

“आम्ही सांगायचो. फोनवर.”

तिचा काही विश्वास बसला नाही. टीव्हीवर दिसते ती तोफ, धूर आणि कानावर हात ठेवलेले जवान. चित्रात ओपी नसतोच, कारण तो तिथं नसतोच. आमच्या १०५ मिलिमीटरच्या इंडियन फील्ड गनचा गोळा १७ किलोमीटरच्या आसपास जातो. म्हणजे तोफ नाशिकरोडला असली तर गोळा सिन्नरच्या अलीकडे कुठंतरी पडायचा. तोफेवरच्या लोकांना समोर झाडी दिसते, टेकाड दिसतं, फार तर म्हशी दिसतात. शत्रू ज्याला दिसतो तो माणूस पायदळाबरोबर पुढं गेलेला असतो. बंदूक त्याच्याजवळही असते, पण त्याचं खरं हत्यार म्हणजे नकाशा, दुर्बीण आणि घसा.

नातीला गच्चीवर नेलं. शाळेत वर्तुळाचे ३६० अंश शिकवतात, तोफखान्यात ६४०० मिल. एक मिल म्हणजे हजार मीटरवर साधारण एक मीटर. हात ताठ पुढं धरून वीत पसरली की अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत ३०० मिल भरतात, एका बोटाच्या जाडीत ३०. दुर्बीण नसली तरी अडत नाही. तिची वीत लहान, पण हातही आखूड, त्यामुळं हिशेब जवळपास तोच येतो. पाण्याची टाकी आणि मोबाइलचा टॉवर यांच्यामध्ये तिनं दीड वीत मोजली आणि मग टॉवर किती लांब आहे याचा नाद लागला तिला. आमचं काम असंच सुरू होतं.

पहिला गोळा सहसा निशाणावर पडत नाही. समजा, पलीकडे पडला. ओपी सांगतो, ‘ड्रॉप ४००’. पुढचा गोळा अलीकडे पडला, तर ‘अ‍ॅड २००’. मग ‘ड्रॉप १००’. मग ‘अ‍ॅड ५०, फायर फॉर इफेक्ट’, आणि सगळ्या तोफा एकदम सुटतात. निशाण दोन गोळ्यांच्या चिमट्यात धरायचं आणि चिमटा अर्ध्या-अर्ध्यानं आवळत न्यायचा, एवढंच त्यातलं शास्त्र. ‘अ‍ॅड’ म्हणजे गोळा माझ्यापासून लांब ने, ‘ड्रॉप’ म्हणजे माझ्याकडे आण. कागदावर दोन्ही शब्द सारखेच साधे आहेत. ओपीत बसलेल्याला मात्र त्यातला दुसरा पोटात कळतो.

जॉन फॉक्सचं नाव मी पहिल्यांदा देवळालीतच, एका कोर्सला ऐकलं. दुपारची वेळ, जेवण झालेलं, वर्ग पेंगत होता. शिकवणाऱ्या साहेबांनी फळ्यावर नुसतं ‘६०’ लिहिलं आणि विचारलं, हे अंतर यार्डात आहे, कोणी स्वतःच्या ओपीकडे एवढं ‘ड्रॉप’ दिलंय का? कोणी बोललं नाही. मग त्यांनी दहा मिनिटांत सोम्मोकोलोनियाची गोष्ट सांगितली. निवृत्तीनंतर सवड मिळाली तेव्हा मी त्याच्या शौर्यपदकाचं मानपत्र वाचून काढलं, त्या लढाईबद्दल मिळेल ते वाचलं. गोष्ट साहेबांनी सांगितली होती त्याहून साधी निघाली. आणि साधी असल्यामुळं जास्त जड.

इटलीत टस्कनीच्या लुक्का प्रांतात सेर्किओ नावाची नदी आहे. तिच्या खोऱ्यात बार्गा हे गाव, आणि बार्गाच्या वर डोंगराच्या सोंडेवर सोम्मोकोलोनिया. दगडी घरं, अरुंद चढ-उताराच्या गल्ल्या. १९४४ च्या हिवाळ्यात जर्मनांची गॉथिक लाइन याच डोंगररांगांतून गेली होती. समोर होती अमेरिकेची ९२ वी इन्फंट्री डिव्हिजन. खांद्यावर रानरेड्याचं चिन्ह, सैनिक सगळे काळे. अमेरिकी सैन्यात तेव्हा काळ्यांच्या पलटणी वेगळ्या असत, आणि त्यांच्यावरचे वरिष्ठ बहुतेक गोरे. ही वेगळी पंगत मोडायचा हुकूम राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी काढला तो १९४८ मध्ये, युद्ध संपल्यावर. या डिव्हिजनला जोडलेली ३६६ वी रेजिमेंट त्यातल्या त्यात निराळी होती, तिचे अधिकारीही काळे होते. फर्स्ट लेफ्टनंट जॉन फॉक्स त्या रेजिमेंटच्या तोफांच्या कंपनीतला. जन्म १९१५ चा, सिनसिनाटीचा. ओहायोतल्या विल्बरफोर्स या काळ्या समाजाच्या विद्यापीठात शिकला आणि तिथूनच लष्करी शिक्षण घेऊन अधिकारी झाला. वय २९. घरी बायको आणि एक लहान मुलगी.

त्या डिसेंबरात काही आठवडे तो ५९८ व्या फील्ड आर्टिलरी बटालियनसाठी पुढचा निरीक्षक म्हणून काम करत होता. आम्ही ज्याला ओपी म्हणतो तेच काम. हे काही आठवडे महत्त्वाचे आहेत. चांगला ओपी रिकामा बसत नाही. शत्रू आलाच तर कुठल्या वाटेनं येईल, कुठल्या वळणावर गोळा होईल, अशा जागा तो आधीच हेरून तोफांना देऊन ठेवतो. आमच्याकडे त्याला डीएफ म्हणतात, डिफेन्सिव्ह फायर. प्रत्येक जागेला नंबर. रात्री-अपरात्री नुसता नंबर उच्चारला की पलीकडे सगळं तयार. गावाभोवतीचा प्रत्येक उतार पाठ झालेला माणूस तिथं होता, असं मी धरून चालतो.

नाताळच्या रात्री जर्मन सैनिक साध्या कपड्यांत, गावकऱ्यांसारखे, एकेक करून गावात शिरले. पहाटेपर्यंत बराचसा गाव त्यांच्या हातात गेला होता. २६ डिसेंबरला पहाटे ४ वाजता त्यांच्या तोफा सुरू झाल्या आणि त्यामागून गणवेशातल्या तुकड्यांनी रीतसर हल्ला केला. जर्मन आणि त्यांच्या बाजूनं उरलेले इटालियन अशी मिळून ती मोहीम होती. तिचं नाव ‘विंटरगेविटर’, म्हणजे हिवाळी वादळ. गावातलं अमेरिकी पायदळ मूठभर. त्यातले बहुतेक मागं हटले, हटणं भागच होतं. फॉक्स आणि त्याच्या निरीक्षण पार्टीतले काही जण मात्र आपण होऊन थांबले. एका घराच्या दुसऱ्या मजल्यावर, असं मानपत्रात आहे. अमेरिकी लोक तळमजल्यालाच पहिला धरतात, म्हणजे आपल्या हिशेबानं पहिल्या मजल्यावर. एक जिना वर. हे मी मुद्दाम सांगतो, कारण ‘दुसरा मजला’ वाचून उंच मनोरा डोळ्यांपुढं येतो. तसं काही नाही. रस्त्यावरचा माणूस खिडकीत दगड मारू शकेल एवढीच उंची.

सकाळी ८ वाजता फॉक्सनं कळवलं की जर्मन गल्ल्यांमध्ये आहेत आणि मोठ्या संख्येनं चालून येताहेत. डिसेंबरातली सकाळ, डोंगरातलं गाव, उजाडायला उशीर. अंधारात ओपीला दिसते ती बंदुकीच्या तोंडची ठिणगी आणि ऐकू येतात पावलं. उजेड झाल्यावर संख्या दिसते. त्यानं बचावाचा मारा मागवला. गोळे पडू लागले. शत्रू घराच्या दिशेनं सरकत राहिला, तसतसा फॉक्सही मारा घराकडे ओढत राहिला. थोडं अलीकडे. आणखी अलीकडे.

इथं मला माझी एक चूक सांगितली पाहिजे.

नवा ऑपरेटर होतो. राजस्थानातली फायरिंग रेंज, थंडी अशी की हँडसेट गालाला चिकटायचा. साहेब दुर्बिणीतून बघत म्हणाले, “ड्रॉप ४००.” मी रेडिओवर म्हणालो, “अ‍ॅड ४००.” का म्हणालो ते आजही सांगता येणार नाही. जीभ घसरली. पण आमच्या रेडिओची एक रीत आहे. ओपीनं सांगितलेला प्रत्येक शब्द तोफांकडचा माणूस जसाच्या तसा उलट सांगतो. स्पीकरमधून आवाज आला, “अ‍ॅड ४००.” साहेबांनी दुर्बीण डोळ्यांवरून काढली, माझ्याकडे बघितलं, हँडसेट हातातून ओढून घेतला आणि म्हणाले, “राँग. ड्रॉप ४००.” पलीकडून पुन्हा उलट आलं, “ड्रॉप ४००.” गोळा नीट पडला. संध्याकाळी मला बोलावून त्यांनी एवढंच विचारलं, की ते उलट सांगणं कशासाठी असतं, कळलं का? मी मान हलवली. मग सात दिवस जनरेटरच्या राखणीला पाठवलं, म्हणजे आणखी नीट कळावं.

तर ते उलट सांगणं. सोम्मोकोलोनियात प्रत्येक दुरुस्तीबरोबर ते होत असणार. फॉक्स बोलला, पलीकडच्यानं म्हटलं, गोळा सुटला. पुन्हा. पुन्हा. मग फॉक्सनं शेवटची दुरुस्ती सांगितली, आणखी ६० यार्ड, म्हणजे ५५ मीटर. आणि पलीकडे ती रीत मोडली. उलट शब्द आले नाहीत, इशारा आला. नकाशावर काम करणाऱ्या त्या माणसाला दिसलं होतं की हा गोळा सांगणाऱ्याच्याच डोक्यावर पडणार. त्यानं तसं स्पष्ट सांगितलं.

लोक ही गोष्ट सांगतात तेव्हा सगळा भर त्या ६० यार्डांवर देतात. आमच्या साहेबांनीही फळ्यावर तेच लिहिलं होतं. मला मात्र त्याच्यापुढची दहा-पंधरा सेकंदं मोठी वाटतात. एखादी गोष्ट माणूस रागात, भीतीत, धांदलीत एकदा बोलून जातो. मी नाही का थंडीत ‘अ‍ॅड’ म्हणून गेलो! पण पलीकडून कोणी तुमचा हुकूम तुमच्या हातात परत ठेवतो, अर्थासकट, आणि विचारतो की हाच ना? तेव्हा दुसऱ्यांदा बोलणं वेगळं असतं. तिथं जीभ घसरल्याची सबब नाही. मागं घेतलं असतं तर कोणी बोट दाखवलं नसतं, उलट पलीकडच्यानं सुटकेचा श्वास सोडला असता. मानपत्राची भाषा सरकारी आणि कोरडी आहे, पण क्रम तिनं नीट लावला आहे. आधी इशारा. मग धोका कळल्याची पोच. मग आग्रह, की गोळा सोडा, यांना थोपवायचा दुसरा मार्ग उरलेला नाही. ते आपल्यापेक्षा फार जास्त आहेत, अशा अर्थाचं तो काहीतरी बोलला.

मला तो त्यागाच्या आवेशातला माणूस वाटत नाही, हिशेब करणारा वाटतो. ओपीचं डोकं तसंच चालतं. समोर इतके लोक, आपण इतके, गोळा इतक्या वेळात येईल, गल्ली इतकी अरुंद. या बेरजेत एक आकडा स्वतःचा आहे म्हणून त्यानं बेरीज बदलली नाही.

पलीकडच्या माणसाकडे आपण बघतच नाही. त्याला तो गोळा सोडायचा होता. तोफेवरच्या पोरांना काहीच ठाऊक नसतं, त्यांच्यासाठी तो उंचीचा आणि दिशेचा एक आकडा, साधारण १५ किलोचा आणखी एक गोळा. पण मध्ये बसलेल्या, नकाशावर सुई टोचणाऱ्या माणसाला ठाऊक असतं. गोळा सुटला की तोफांकडून ‘शॉट’ म्हणून कळवतात आणि फुटायच्या पाचेक सेकंद आधी ‘स्प्लॅश’ म्हणतात, म्हणजे ओपीनं डोळे लावून बसावं. ओपीही तोच शब्द परत म्हणतो. हा आजचा आमचा रिवाज. त्या दिवशी तिथं नेमके कुठले शब्द गेले-आले त्यात मला शिरायचं नाही. पण कुठल्याही रेडिओवर, कुठल्याही सैन्यात, गोळा फुटल्यावर तोफांकडचा माणूस एकाच गोष्टीसाठी कान लावून बसतो: पुढची दुरुस्ती. ती आली नाही की काय वाटतं, ते मी सरावातसुद्धा अनुभवलंय. बॅटरी उतरली होती, बाकी काही नाही. पण मधली दोन मिनिटं तोफांकडच्या सुभेदारांनी कशी काढली ते त्यांनी मला नंतर त्यांच्या खास शब्दांत ऐकवलं होतं.

प्रतिहल्ला होऊन ती जागा परत मिळाली तेव्हा फॉक्सचा देह सापडला. आजूबाजूला सुमारे १०० जर्मन सैनिकांचे देह होते. गाव त्या दिवशी वाचला नव्हता, हेही सांगायला हवं. अमेरिकी फळी खोऱ्यात मागं रेटली गेली होती. फॉक्सच्या माऱ्यानं मिळाला तो वेळ. मागच्या पायदळाला आणि तोफांना सावरून नवी फळी धरता आली.

आणि त्या नव्या फळीत आपली माणसं होती. हे मला फार उशिरा कळलं. सेर्किओच्या खोऱ्यात धोका आहे हे ओळखून आठव्या भारतीय डिव्हिजनच्या ब्रिगेड आदल्या काही दिवसांतच घाईनं इकडे आणल्या होत्या. जर्मन रेटा त्यांच्यासमोर येऊन थांबला आणि वर्ष सरता सरता ती गावं परत हाती आली. याच डिव्हिजनमध्ये पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन होती. साताऱ्याकडच्या, नगरकडच्या, कोकणातल्या पोरांची. साडेतीन महिन्यांनी, ९ एप्रिल १९४५ ला, सेनिओ नदीवर याच बटालियनच्या नामदेव जाधवांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. आमच्या गावाकडे लहानपणी एक म्हातारे होते. इटलीला ते ‘इटाली’ म्हणत, आणि तिथल्या चिखलापुढं आपला कृष्णाकाठ म्हणजे फरशी, असं सांगत. ते नेमके कुठल्या बटालियनचे हे विचारायचं तेव्हा सुचलं नाही. पोरवयात आपण चिखलाची गोष्ट ऐकून हसतो.

फॉक्सच्या पदकाची हकीकत मी थोडक्यात उरकतो, कारण ती सांगताना माझा आवाज चढतो. युद्ध संपलं. दुसऱ्या महायुद्धासाठी अमेरिकेनं ४०० हून अधिक मेडल ऑफ ऑनर दिली, काळ्या सैनिकाला त्यातलं एकही नाही. १९८२ मध्ये, म्हणजे ३७ वर्षांनी, फॉक्सला त्याखालोखालचं डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस मिळालं. पुढं अमेरिकी लष्करानं शॉ विद्यापीठाकडे जुनी कागदपत्रं तपासायचं काम दिलं, आणि १३ जानेवारी १९९७ रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी व्हाइट हाउसमध्ये सात काळ्या सैनिकांना मेडल ऑफ ऑनर दिलं. सातातला एकच हयात होता, व्हर्नन बेकर, तोही याच ९२ व्या डिव्हिजनचा. फॉक्सचं पदक त्याच्या पत्नीनं घेतलं. जाऊन ५२ वर्षं झाली होती.

आपल्याकडे ओपी लोकांना माहीत झाला तो कारगिलनंतर, तोही अर्धाच. बोफोर्सचं नाव पोरासोरांच्या तोंडी आहे. त्या बोफोर्सना शिखरावरचा बंकर दाखवणारे कोण, हे कोणी विचारत नाही. १५८ मीडियम रेजिमेंटचे कॅप्टन जेरी प्रेमराज जुलै १९९९ मध्ये राजपुताना रायफल्सच्या जवानांबरोबर चढत होते, ओपी म्हणून. जखमी झाले तरी मारा सांगत राहिले. मरणोत्तर वीरचक्र. द्रासच्या ५१४० या शिखराला २०२२ मध्ये ‘गन हिल’ नाव दिलं, तेव्हा आमच्या जुन्या पलटणीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन दिवस दुसरा विषय नव्हता.

नातीचा एक प्रश्न उरला होता. साठ यार्ड म्हणजे किती? मीटर सांगून तिला काही कळेना. मग म्हटलं, चल. कवायतीचं पाऊल ३० इंचांचं, म्हणजे साठ यार्डांची बरोबर ७२ पावलं. आज अमेरिकी नियमात गोळा आपल्या माणसांपासून ६०० मीटरच्या आत पडणार असेल तर ‘डेंजर क्लोज’ म्हणून आधी बजावावं लागतं. तेवढं चालायचं तर आम्ही पार रेल्वे फाटकाला पोचलो असतो. म्हणून नुसती ७२. फाटकापासून निघालो, आपल्या. ती मोठ्यानं मोजत होती, मी पाऊल सांभाळत होतो, गुडघा आता तीस इंच टाकू देत नाही सहजासहजी. बावीसला इस्त्रीवाला. एकेचाळीसला पारिजातकाचं झाड. बहात्तरला आम्ही पिठाच्या गिरणीच्या ओट्यावर चढलो.

गिरणीवाल्यानं पट्टा थांबवला. भुवया पिठानं पांढऱ्या. “काय सुभेदार, आज मोजमाप कसलं?”

नात म्हणाली, “इथून बोलायचं आणि घरी गोळा पडणार.”

“उलटं,” मी म्हटलं. “गोळा इथं पडत होता. घरातून बोलून तो घरावर घ्यायचा.”

त्यानं दोघांकडे बघितलं, मग आमच्या फाटकाकडे बघितलं. ओट्यावरून फाटकाचा रंग दिसत होता, बाहेर वाळत घातलेला माझा टॉवेल दिसत होता. “दळण बाराला होईल,” तो म्हणाला आणि पट्टा चालू केला.